विश्लेषण : ९,५०० पौंडांची विंच चिखलात कमी का पडते? ऑफ-रोड गाडीसाठी विंच घेताना काय पाहावे?

चंदगड तालुक्यात पावसाने जोर धरला की डांबरी रस्ता सोडून आत गेलेली गाडी तांबड्या चिखलात बसते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तिलारीनगर, पारगड, कलानंदीगड या भागात सुट्टीच्या दिवशी कोल्हापूर, बेळगाव आणि घाटाखालून गोव्याकडून येणाऱ्या फोर-बाय-फोर गाड्यांना मात्र ते तिथे पोहोचल्यावर कळते. मग जवळच्या वस्तीवरून ट्रॅक्टर बोलवावा लागतो. हा उपाय सगळ्यांत स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा पुरेसाही. पण आडरानात ट्रॅक्टर मिळेलच असे नाही, म्हणून अनेक जण पुढच्या बंपरवर विजेवर चालणारी विंच बसवून घेतात. ती घेताना खोक्यावरचा पौंडांचा आकडा पाहिला जातो. फसगत होते ती तिथेच.

खोक्यावरचा आकडा कशाचा?

विंच म्हणजे मोटार, गिअर आणि दोर गुंडाळणारा ड्रम. ९,५०० पौंड म्हणजे साधारण ४,३०० किलो. पण ही ताकद ड्रमवर दोराचा फक्त पहिला थर उरलेला असताना मिळते. थर वाढले की ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ कमी होते. चौथ्या थरावर तीच विंच मूळ ताकदीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास येते, म्हणजे जेमतेम २,८०० किलो. गाडी झाडापासून पाच-सहा मीटरवर अडकली असेल तर बहुतेक दोर ड्रमवरच राहतो. म्हणजे अंतर कमी असूनही ओढ कमी मिळते.

मग किती पौंडांची घ्यावी?

माणसे आणि सामानासह गाडीच्या एकूण वजनाच्या दीडपट, हा जगभर वापरला जाणारा ढोबळ नियम. वजन भरलेल्या गाडीचे धरायचे, रिकाम्या नव्हे. समजा ते २,२०० किलो आहे. दीडपट म्हणजे ३,३०० किलो, सुमारे ७,३०० पौंड. कागदावर ८,००० पौंडांची विंच पुरते.

चिखलात हे गणित मोडते. लष्करी वाहने बाहेर काढताना वापरला जाणारा हिशेब असा : चाके बुडेपर्यंत रुतलेल्या गाडीला ओढायला तिच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट आणि त्याच्याही वर गेली तर तिप्पट. चढ असेल तर त्याची भर वेगळी. ३० अंशांच्या चढाला वजनाच्या निम्मी. म्हणजे आपली २,२०० किलोची गाडी भाताच्या खाचरात मडगार्डपर्यंत बसली तर ४,४०० किलो ओढ हवी. ९,५०० पौंडांची विंच पहिल्या थरावरसुद्धा इथे कमी पडते.

यावर १२,००० पौंडांची विंच घेणे हा उपाय दुकानात सुचवला जातो. तो फारसा शहाणपणाचा नाही. जड विंच गाडीचे नाक खाली दाबते, पुढच्या स्प्रिंगवर भार टाकते आणि किंमतही वाढवते. त्यापेक्षा कप्पी घ्यावी. दोर झाडाला बांधलेल्या कप्पीतून फिरवून परत गाडीच्या हुकाला लावला की घर्षणात जाणारा भाग सोडून ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. शिवाय दुप्पट दोर सोडावा लागल्याने ड्रमवरचे थरही कमी होतात, म्हणजे फायदा दुहेरी. मात्र कप्पी ज्या झाडाला आहे त्याच्यावरही दुप्पट ताण येतो. काजूचे कलम त्या कामाचे नाही. आणि कप्पीच्याही आधी फावडे : चाकापुढचा चिखल उपसला की लागणारा जोर झपाट्याने उतरतो.

पोलादी दोर की सिंथेटिक?

सिंथेटिक दोर हलका, हाताला टोचत नाही आणि तुटला तर पोलादी दोरासारखा जोरात उसळत नाही. ताणलेला पोलादी दोर तुटून कोणाला लागला तर जीव जाऊ शकतो, त्यामुळे सुरक्षेच्या बाजूने कौल सिंथेटिकलाच. पण चंदगडच्या भागात जांभा दगड आहे. त्याच्या खरखरीत कडेवर ताणलेला सिंथेटिक दोर घासला तर काही क्षणांत कापला जातो. चिखलातली बारीक रेती धाग्यांत शिरून आतून झिजवते ते वेगळेच. म्हणून तो घेणाऱ्याने दोरावर सरकणारे जाड कव्हरही घ्यावे आणि प्रत्येक फेरीनंतर दोर पूर्ण सोडून पाण्याने धुवावा. दोर कोणताही असो, ओढताना त्यावर जाड गोणपाट किंवा ओले जाजम टाकावे, बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर ठेवावे आणि पोलादी दोराला हातमोज्याशिवाय हात लावू नये.

बॅटरीचे काय?

पूर्ण भारावर अशी विंच ४०० अँपिअरच्या आसपास करंट खेचते. पाच मिनिटे सलग चालवली तर सुमारे ३३ अँपिअर-तास जातात, म्हणजे ६५ अँपिअर-तासाच्या बॅटरीचा निम्मा साठा. अल्टरनेटर एवढे भरून देऊ शकत नाही. म्हणून इंजिन चालू ठेवून मिनिटभर ओढायचे, मग थांबायचे. मोटारही तेवढ्यात निवते. इथल्या पावसात पाणीरोधकतेकडेही पाहावे. आयपी६७ दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. ओढा ओलांडणाऱ्या गाडीला यापेक्षा कमी दर्जा चालणार नाही.

वर्षातून दोनदाच आडवाटेला जाणाऱ्यांसाठी हाताने चालवायची टिरफोर हा पर्याय उरतो. १.६ टनांची मिळते, बॅटरी लागत नाही आणि मागूनही ओढता येते. घाम मात्र निघतो.

कायदा काय म्हणतो?

विंचसाठी अनेकदा मूळ बंपर काढून लोखंडी बंपर बसवला जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पुढच्या क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. एअरबॅगचे सेन्सर पुढच्याच भागात असतात, हे त्यामागचे एक कारण. तेव्हा पैसे भरण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही विचारावे.

गोव्यात २०१४ मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडियासारख्या पावसाळी स्पर्धांत विंच लावलेल्या गाड्या दिसतात. ते आखलेले मैदान आहे. चंदगडचा बराच डोंगराळ भाग वनखात्याच्या अखत्यारीत असून तिथे संवर्धन राखीव क्षेत्रही आहे. राखीव वनात विनापरवाना गाडी घालणे हाच गुन्हा आहे. जिथे परवानगी आहे तिथेही दोर थेट खोडाला गुंडाळू नये, साल सोलवटते. त्यासाठी हातभर रुंदीचा नव्हे, तीन-चार इंची चपटा पट्टा मिळतो. तो खोडाच्या बुंध्याशी, शक्य तितका खाली बांधतात.