नटबोल्टांचा वानोळा

खान्देशातल्या बाईला डबे भरायला कुणी शिकवावं लागत नाही. उन्हाळा आला की बिबडे, कुरडया, शेवया, वर्षाची डाळ, तिखट... सगळं आपापल्या जागी. पण ज्या घरात जुनी जीप आहे ना, त्या घरात याच रांगेत एखादा डबा असा निघतो, की झाकण उघडल्यावर मसाल्याचा नाही, ग्रीसचा वास येतो! आत बेअरिंग, ऑइल सील, डेल्कोचे पॉईंट, कार्बोरेटरचे जेट आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एखादी वस्तू, जिचं नाव फक्त घरधन्याला ठाऊक. 'हात लावू नको, मिळत नाही आता ते,' एवढीच आपल्याला मिळालेली माहिती.

आमच्या घरात असे डबे सासऱ्यांच्या वेळेपासून आहेत. आबांनी शेतीसाठी जुनी सीजे-३बी जीप घेतली. काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीचंही चाक रुततं, तिथे ही मात्र पुढची-मागची चारही चाकं लावून निघायची. केळीच्या बागेत खताची पोती न्यायला जीप, लग्नाला वऱ्हाड आणायला जीप, आणि रात्रीबेरात्री गावातल्या कुणाला कळा सुरू झाल्या की दवाखान्यात न्यायलाही जीपच. चार तालुक्यांत अशा किती लेकरांनी जीपच्या मागच्या बाकावरच पहिला हुंकार दिला असेल! त्यामुळे या गाडीला आम्ही बायका नावं ठेवतो, पण तिच्यावर जीवही लावतो.

आता ही जीप आपल्याकडे आली कुठून? दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. आराखडा एकच आणि एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे, ही लष्कराची गरज. रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी करता आली पाहिजे, इतका साधा हिशेब! भारतात ही गाडी रुजवली महिंद्रांनी. १९४५ साली लुधियानात पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. सुरुवातीला बाहेरून आलेले सुटे भाग मुंबईत माझगावला जोडून जीप तयार व्हायच्या. आमच्या सीजे-३बीचा मूळ नमुना अमेरिकेत १९५३ साली आला आणि तिथे १९६८ मध्ये बंदही झाला. आपल्याकडे मात्र तिचं बॉनेट पुढे कित्येक वर्षं रस्त्यावर दिसत राहिलं.

बॉनेट म्हटलं तर त्याचीही गंमत आहे. लढाईतल्या जीपपेक्षा सीजे-३बीचं नाक उंच असतं. कारण? युद्धातल्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच होते. नंतरच्या इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये गेला, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही वर उचलावं लागलं. पण दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, दोन्ही २.२ लिटरची. म्हणून तर इकडचा भाग तिकडे चालतो. सगळेच नाही बरं का! युद्धातल्या जीपचा गिअरबॉक्स टी-८४, नंतरच्या जीपचा टी-९०. दिसायला बहिणी, पण एकीचं पोलकं दुसरीला होत नाही. पुढे १९८०च्या दशकात आलेली एमएम-५४० तर प्युजोच्या डिझेल इंजिनाची, तिचं माहेरच वेगळं.

कुणाचं काय कुणाला बसतं, हे ज्ञान पुस्तकात कमी आणि माणसांत जास्त आहे. जळगाव आणि धुळ्याच्या दरम्यान एरंडोल, पारोळा धरून नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. त्यामुळे गॅरेजवाले, लेथवाले, कमानपाटेवाले यांचा या पट्ट्यात पूर्वीपासून राबता. जीप असणारी घरं एकमेकांना याच मिस्तरी लोकांमुळे ओळखतात. 'अमुक गावच्या आप्पांकडे क्राऊन-पिनियनचा जोड पडलेला आहे', 'तमुक नानांना ट्रान्स्फर केसचा दांडा हवाय', अशी खबर गॅरेजमधून निघते आणि संध्याकाळपर्यंत घरी फोन येतो.

आणि व्यवहार कसा? बघा, शेजारीण विरजण मागायला आली तर आपण त्याचे पैसे घेतो का? नाही. पण उद्या आपलं विरजण बिघडलं तर तिच्याच दारात जातो. अगदी तसंच! आमच्याकडचा डायनामो शिरपूरकडे गेला, सहा महिन्यांनी तिकडून स्टिअरिंगच्या चाकासोबत मळ्यातल्या पपयांची पिशवी आली. शेतातलं पहिलं पीक जसं वानोळा म्हणून वाटतो, तसा हा नटबोल्टांचा वानोळा. मोठ्या वस्तूंचे पैसे होतात, नाही असं नाही. पण भाव करायच्या आधी 'घाई किती आहे?' असं विचारलं जातं. पिकांना पाणी द्यायचं असेल, नाहीतर घरात कार्य असेल, तर आधी वस्तू जाते, पैशांचं मागून बघू!

इथे काही मिळालं नाही, तर मुंबईचा बाजार, दिल्लीचं काश्मिरी गेट, नाहीतर जीप बांधण्यासाठी प्रसिद्ध असलेलं हरियाणातलं मंडी डबवाली. पण तिकडून मागवलेली नवी वस्तू दरवेळी जुन्या मापाची निघेलच असं नाही. म्हणून आमचे धुळ्याचे मिस्तरी काका म्हणतात, "वहिनी, जीप मरत नही. मानसं तिले सोडी देतस." एखादं दातरं झिजलं तर ते लेथवर भरून घेतात, बुश नवा ओततात. फेकायचं नाही, हा त्यांचा धर्म.

इथवर सगळं छान छान वाटतं. पण मला हा लेख लिहावासा वाटला तो दुसऱ्याच कारणाने.

धुळे जिल्ह्यातल्या एका ओळखीच्या वहिनींचे यजमान अचानक गेले. दारात चालती जीप आणि मागच्या खोलीत पस्तीस वर्षं जमवलेले सुटे भाग. वहिनींना त्यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. तेराव्यानंतर खोली रिकामी करायची म्हणून दिराने भंगारवाला बोलावला. दोन न वापरलेले गिअरबॉक्स, एक अख्खा पुढचा एक्सल, डबे भरून बेअरिंग... सगळं किलोच्या भावाने गेलं! महिनाभराने एका जीपवाल्याने चौकशी केली, तेव्हा कळलं की त्यातला एकच गिअरबॉक्स विकला असता तरी मुलीची वर्षाची फी निघाली असती. वहिनी मला म्हणाल्या, "पैशाचं जाऊ द्या हो. ते रोज रात्री तिथे बसून पुसायचे एकेक वस्तू. मी म्हणायची, काय हा पसारा. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही."

त्या दिवशी माझ्या पोटात गलबललं. सोन्याचा दागिना कुठल्या लॉकरमध्ये आहे हे नवरा बायकोला सांगतो. मग घरातली ही लोखंडाची ठेव तेवढी मुकी का राहावी?

तेव्हापासून आमच्याकडे एक वही आहे. दर रविवारी यजमान एकेक डबा उघडतात, मी लिहिते. तुमच्याही घरी जुनी जीप असेल, तर हे काम कठीण नाही, मैत्रिणींनो. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो तसाच उतरवायचा. तो नंबर दाखवला की बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात जोड सापडतो. ऑइल सीलवर तीन आकडे असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. बाकीच्या वस्तूंना कापडाची चिठ्ठी दोऱ्याने बांधायची : नाव, कुठल्या गाडीचा, नवा की वापरलेला, कुणाकडून आला. आणि वहीच्या शेवटच्या पानावर ओळखीच्या दोन-तीन भरवशाच्या जीपवाल्यांची नावं. वेळ आली तर पहिला फोन त्यांना, भंगारवाल्याला नाही!

ठेवण्याचीही रीत आहे. लोखंडाला ग्रीसचा हात द्यावा, पण रबराला चुकूनही नाही. साधं रबर तेला-ग्रीसने फुगतं. आपल्या जळगावचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या खोलीत रबराच्या वस्तू तडकतात. त्या घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवाव्यात. २०२५ पर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. जुन्या गाडीच्या पेट्रोल पाइपांना आणि पंपाच्या पडद्याला ते मानवत नाही. तेवढे भाग नव्या प्रकारच्या रबराचे बसवून घेणं बरं. आणि एक नियम आमच्या मंडळींत पक्का आहे : ब्रेकचे भाग, स्टिअरिंगचे सांधे आणि टायर जुने उसने घ्यायचे नाहीत. तिथे काटकसर म्हणजे जिवाशी खेळ.

आता कागदांचं. हे तर प्रत्येकीने वाचावं, घरात जीप असो की स्कूटर. मालक वारला तर ज्याच्या ताब्यात गाडी येते, त्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. तसं कळवलं की मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने गाडी चालवता येते आणि तेवढ्या मुदतीत 'फॉर्म ३१' भरून ती वारसाच्या नावावर करून घ्यायची. २०२१ पासून तर आरसी बुकावर वारसाचं नाव आधीच नोंदवायची सोय झाली आहे. बँकेच्या खात्याला जसा नॉमिनी लावतो, तसाच. कितीजणींच्या यजमानांनी हे केलंय? विचारून बघा!

पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ रोजी मोटारीसाठी ही फी ६०० रुपयांवरून ५,००० करण्यात आली होती, शिवाय पर्यावरण कर वेगळा. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीसाठी २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम आला. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे जिला अजून शेतात जायचं आहे, तिने साध्या नोंदणीतच राहिलेलं बरं. आणि हो, सुटे भाग वाटून घ्या, पण इंजिन बदलायचं तर आरटीओच्या परवानगीने, आरसीवर नोंद करूनच. बिल नसलेलं, नंबर घासलेलं इंजिन कितीही स्वस्तात मिळालं तरी नको. चोरीच्या मालाचा फेरा घरादाराला लागतो. गाडीचं मूळ रूप बदलू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ सालचा निकालही आहे. त्यामुळे रुंद टायर आणि भपकेदार बंपरच्या हौसेला जरा आवर!

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? विकून नवी घ्यावी. घ्यावीही, ज्यांना परवडते आणि आवडते त्यांनी. २०१० साली 'थार' आली, तीही याच वंशातली. पण दुरुस्त करून वापरायची, आपल्याजवळचं दुसऱ्याला द्यायचं आणि गरजेला हक्काने मागायचं, ही शिकवण नव्या गाडीबरोबर शोरूममध्ये मिळत नाही. आमची धाकटी आता जीप चालवते. गिअरच्या दांड्याशेजारचे दोन छोटे दांडे, एक पुढची चाकं जोडणारा आणि एक ताकद वाढवणारा, तिला डोळे मिटून कळतात. मागच्या पावसाळ्यात नाल्याच्या चिखलात शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर फसला. सगळे पुरुष सल्ले देत उभे! हिने जीप लावली, दोर बांधला आणि ओढून काढला. वर पुन्हा मला विचारते, "आई, वहीत त्या दोराची नोंद आहे का गं?"

मैत्रिणींनो, घरातली जी वस्तू आपण 'त्यांचा पसारा' म्हणून बाजूला सारतो, तिची एकदा नावानिशी ओळख करून घ्या. जीप असेल, जुनं पाण्याचं इंजिन असेल, शिलाई मशीनचे भाग असतील. रविवारच्या एका दुपारी वही-पेन घेऊन बसा आणि विचारा, "हे काय आहे हो?" ऐकायला मिळेल ते नुसतं लोखंडाचं नाव नसेल.