'एज्युकेट'मधली तीन अक्षरे : इंग्रजी शब्द शोधण्याची सोपी रीत

बँक भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांना एक प्रश्न हमखास भेटतो. उदाहरण म्हणून बाबासाहेबांनी दिलेल्या 'शिका' या संदेशातलाच शब्द घेऊ. 'एज्युकेट' या इंग्रजी शब्दाचे चौथे, पाचवे आणि सहावे अक्षर घ्या. त्यांपासून एकच अर्थपूर्ण इंग्रजी शब्द होत असेल तर त्याचे शेवटचे अक्षर हे उत्तर. एकापेक्षा जास्त शब्द होत असतील तर उत्तर 'एक्स'. एकही होत नसेल तर 'झेड'.

स्पेलिंग मांडू : ई-डी-यू-सी-ए-टी-ई. अक्षरे मिळाली सी, ए, टी. घाईत 'कॅट' दिसतो आणि आपण 'टी' या पर्यायावर खूण करून पुढे जातो. उत्तर चुकते. कारण त्याच अक्षरांचा ए-सी-टी म्हणजे 'ॲक्ट' हाही शब्द होतो. बरोबर उत्तर 'एक्स'.

आता विचार करा, यातला कोणता शब्द अवघड होता? 'कॅट' बालवाडीत शिकवतात. 'ॲट्रॉसिटी ॲक्ट' तर आपल्या वस्तीतल्या, शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही माहीत असतो. म्हणजे इथे इंग्रजी कमी पडले नाही, रीत कमी पडली. तरीही आपली मुले घरी येऊन सांगतात, "माझं इंग्रजी कच्चं आहे." हा चुकीचा निष्कर्ष फार महाग पडतो. कित्येक जण त्याच भीतीने अर्जच भरत नाहीत.

प्रश्न छोटा, किंमत मोठी

आयबीपीएसच्या लिपिक पूर्व परीक्षेत तर्कक्षमतेचे 35 प्रश्न 20 मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला जेमतेम 34 सेकंद. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. 2021 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सार्वजनिक बँकांच्या लिपिक भरतीची परीक्षा 13 प्रादेशिक भाषांत घेण्याची शिफारस केली. ते योग्यच झाले. पण प्रश्नाचे वाक्य मराठीत आले तरी त्यातला शब्द इंग्रजीच राहतो.

सोलापूरच्या मुलांना भाषा परकी नसते. गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही कानावर पडतात. इंग्रजी मात्र घरात बोलली जात नाही. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. पहिल्यांदाच शिकणाऱ्या पिढीला शब्द ऐकून मिळत नाहीत, शोधून मिळवावे लागतात. म्हणून शोधण्याची रीत आपल्याला इतरांपेक्षा जास्त गरजेची आहे.

रीत कशी?

पहिली पायरी : मांडण्या मोजा. तीन वेगळ्या अक्षरांच्या एकूण 6 मांडण्या होतात, चारच्या 24, पाचच्या 120. तीन अक्षरे असतील तर सहाही लिहून काढा : सी-ए-टी, सी-टी-ए, ए-सी-टी, ए-टी-सी, टी-ए-सी, टी-सी-ए. दहा सेकंदांचे काम आहे. 'ॲक्ट' आपोआप समोर येतो.

दुसरी पायरी : स्वर वेगळे काढा. चार अक्षरांच्या 24 मांडण्या लिहायला वेळ नसतो. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर बाजूला काढा आणि ते कुठे बसतात ते पाहा. ए, ई, एम, टी ही अक्षरे घ्या. स्वर जोडीने मधे ठेवले तर टी-ई-ए-एम आणि एम-ई-ए-टी. 'ई' शेवटी नेला तर एम-ए-टी-ई आणि टी-ए-एम-ई. चार शब्द मिळाले. इंग्रजीत शेवटी गप्प बसणारा 'ई' फार असतो, म्हणून तो शेवटी ठेवून पाहायला कधीही विसरू नका.

तिसरी पायरी : व्यंजनांच्या जोड्या ओळखा. समजा, पाच अक्षरी शब्द हवा आहे. तिसरे अक्षर 'ए', पाचवे 'टी'. बाकी जागा रिकाम्या. इथे शेवटची जोडी आधी ठरवा. आर-टी घेतले तर स्टार्ट, स्मार्ट, चार्ट, हार्ट. एन-टी घेतले तर प्लँट, ग्रँट, जायंट. आणि आपली रोजची एस-टी घेतली तर कोस्ट, टोस्ट, रोस्ट, फीस्ट. एका जोडीतून तीन-चार शब्द बाहेर पडतात.

चौथी पायरी : पहिल्या शब्दावर थांबू नका. 'एकापेक्षा जास्त' हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो. एक शब्द सापडला की लगेच विचारा, दुसरा आहे का?

जगानेही मोजूनच शिकले

हे कुणाच्या जन्मजात हुशारीचे काम नाही. अमेरिकेत 1930 च्या दशकातील मंदीत बेकार झालेले वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रातली अक्षरे मोजून 'स्क्रॅबल' हा खेळ रचला. 'ई' सर्वांत जास्त सापडतो म्हणून त्याच्या 12 सोंगट्या; 'क्यू' आणि 'झेड' दुर्मीळ म्हणून त्यांची एकेकच सोंगटी, पण तिला 10 गुण. मोर्सच्या तारसंकेतातही 'ई'ला सर्वांत छोटी खूण आहे, एकच टिंब.

अलीकडचा 'वर्डल' हा पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखण्याचा खेळ याच तत्त्वावर चालतो. न्यूयॉर्क टाइम्सने तो 2022 च्या जानेवारीत विकत घेतला. मूळ खेळातल्या उत्तरांची यादी सुमारे 2,300 शब्दांची होती. म्हणजे शब्दांचा समुद्र वाटतो तेवढा अथांग नाही.

वही घाला

शब्द शोधणारी संकेतस्थळे आहेत, पण परीक्षा केंद्रात मोबाइल नेता येत नाही. मात्र संगणकाची एक युक्ती उचलता येते. शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावायची आणि त्या मथळ्याखाली शब्द नोंदवायचे. टीम, मीट, मेट, टेम या चारही शब्दांचा मथळा एकच येतो : ए-ई-एम-टी. ए-ई-एल-एस-टी या मथळ्याखाली स्लेट, स्टील म्हणजे चोरणे, स्टेल आणि लीस्ट येतात. प्रत्येकाचा अर्थ शब्दकोशात पाहून मराठीत लिहा. रोज दोन मथळे झाले तरी वर्षात सातशेच्या वर होतात.

अर्थात रीत शब्द शोधून देते, शब्द पेरत नाही. त्यासाठी वाचनच हवे. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 च्या जानेवारीत याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले होते. मुलांना राहायला आणि शिकायला जागा मिळावी, हा विचार तेव्हाचा आहे. आज जागा आपल्याकडे आहे : वस्तीतले विहार, तिथली अभ्यासिका. कार्यकर्त्यांनी तिथे एक फळा लावावा. रोज त्यावर चार अक्षरे लिहावीत. संध्याकाळी मुलांनी मिळून शब्द शोधावेत आणि जे सापडले ते सामाईक वहीत उतरवावे. एकाला 'कॅट' दिसेल, दुसरीला 'ॲक्ट'. मिळून शोधले तर कोणाचेही उत्तर चुकणार नाही.

जय भीम!