थंडी लागली की मासा खोल जातो

आष्टी म्हटले की बाहेरच्यांना बीडची आष्टी आठवते. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. उत्तरेला दुधना, दक्षिणेला गोदावरी. दुधनेवर सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ निम्न दुधना धरण झाले आणि त्याचा फुगवटा परतूर तालुक्याच्या शिवारात येऊन थांबला. गोदावरीवर लोणी सावंगीचा बंधारा आहे. त्यामुळे दुष्काळाच्या या पट्ट्यातही बाजाराच्या दिवशी रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम, शिंगाळा अशी गोड्या पाण्याची मासळी मिळते. दिवाळी सरली की मात्र मासेवाल्याची टोपली कधी अर्धीच भरलेली दिसते आणि भाव चढतो. गिऱ्हाईक कुरकुरते, “धरण तर तुडुंब आहे, मग मासा गेला कुठे?”

मासा कुठेच गेलेला नसतो, तो खाली गेलेला असतो. माशाचे रक्त आपल्यासारखे गरम नसते. जेवढे पाणी थंड, तेवढे त्याचे अंग थंड. कार्तिकात इकडे रात्रीचा पारा झपाट्याने उतरतो, पुढे शेजारच्या परभणीत तो दहा अंशांच्याही खाली जातो. पाणी हवेपेक्षा उशिरा थंड होते आणि उशिरा तापते, पण एकदा गार झाले की कटला-रोहूची भूक मंदावते. पावसाळ्यात काठाशी गवतात चरणारा मासा आता खोल पाणी धरतो. हे खोल पाणी म्हणजे बहुतेक वेळा नदीचे जुने पात्र, बुडालेला डोह, नाही तर पाण्याखाली गेलेली एखादी विहीर. म्हणून थंडीत ज्याला धरणाआधीचे शिवार ठाऊक आहे, त्याचेच जाळे भरते. इथे बाभळी होत्या, इथून गाडीवाट जायची, इथे नदी वळायची, हे सगळे जुन्या माणसांच्या डोक्यात असते. बाभळीच्या खुंटांत अडकलेले जाळे फाटल्याशिवाय निघत नाही, आणि नव्या जाळ्याचे पैसे कोण देणार?

दुसरी अडचण पाण्याच्या निवळपणाची. पावसाळ्यातले गढूळ पाणी आता खाली बसते, आणि दिवसा तंगूसाचे जाळेही माशाला दिसते. त्यामुळे फासजाळे सूर्य बुडताना लावायचे आणि उजाडताना काढायचे. वरच्या दोरीला थर्माकोलचे तुकडे, खालच्या दोरीला शिसे. उन्हाळ्यापेक्षा जाळे जास्त खोल सोडावे लागते, तेवढे शिसेही वाढवावे लागते. त्यातच रब्बीचे आवर्तन सुटले की पाणी मागे सरते. काल जिथे दोन पुरुष पाणी होते तिथे आठवड्याने चिखल उघडा पडतो. जाळ्याची जागा सतत बदलावी लागते. पाणकावळे कुठे बुड्या मारतात, इकडे लक्ष असलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने परतत नाही.

गळवाल्यांचे वेळापत्रक उलटे. पहाटे थंडीत कुडकुडत बसून काही हाती लागत नाही. अकराच्या पुढे ऊन चढले की काठाचे उथळ पाणी आधी तापते, बारके मासे तिथे येतात आणि त्यांच्या मागे मोठे. म्हणून गळ टाकायचा तो अकरा ते तीन-चारच्या दरम्यान. रोहू-मृगळाला कणकेचा नाही तर पेंडीचा गोळा, पण लहान. भूक कमी असताना मोठा गोळा मासा नुसता हुंगून सोडतो. वाम चिखलात दडून बसते आणि रात्री बाहेर पडते, तिला गांडूळ. मरळ पाण्यावर येऊन हवा घेते, थंडीत मात्र ती कमी वेळा वर येते. पाणवनस्पतींच्या कडेला डोळे लावून बसणे एवढाच उपाय. दोरी हलकी ओढली गेली तरी झटका द्यावा, कारण थंडीतला मासा जोरात ओढत नाही.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले ते. मासा मिळेनासा झाला की काही जण बारीक आसाचे, मच्छरदाणीसारखे जाळे काढतात. ते जाळे काही सोडत नाही. कटला, रोहू, मृगळ हे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या जातींचे प्रजनन करून दाखवले, तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात तयार होऊ लागले. आपल्या तलावांतला बराचसा कटला-रोहू हा असा बाहेरून आणून सोडलेला असतो. ठेका घेतलेली मच्छीमार संस्था पदरचे पैसे घालून पावसाळ्यात बोटुकली सोडते. बोटाएवढे पिल्लू म्हणून बोटुकली. ते पिल्लू कार्तिकात टीचभर झालेले असते, आणि बारीक जाळ्यात पहिले तेच सापडते.

हिशेब साधा आहे. अशी पंधरा-वीस पिल्ले मिळून एक किलो भरते. पाणी आणि खाद्य चांगले मिळाले तर वर्षभरात एकेक मासा किलोच्या आसपास जातो. निम्मे मेले, पाणकावळ्यांनी खाल्ले असे धरले तरी आजच्या एका किलोच्या बदल्यात पुढच्या वर्षी आठ-दहा किलो. तेही ज्याने पैसे घातले त्याच्या घरात. विष टाकून किंवा सुरुंगाने मासे मारणे तर १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे.

यात आम्हा गिऱ्हाइकांचाही वाटा आहे. स्वस्त म्हणून तो वाटा उचलला जातो आणि तळून खाल्ला जातो. झिंगे किंवा मुळातच लहान राहणाऱ्या जाती घ्यायला हरकत नाही, ओळखायची आहेत ती मोठ्या जातीची पिल्ले. डोके अंगाच्या मानाने मोठे आणि तोंड वर वळलेले, तो कटला. खालचा ओठ झालरीसारखा आणि पर लालसर, तो रोहू. अंग रुपेरी, लांबट, तोंड लहान आणि खालच्या बाजूला, तो मृगळ. हे तिन्ही टीचभर दिसले तर टोपली पुढे जाऊ द्यावी. माशाला जबह लागत नाही, हे आपल्या घरांत सर्वांना माहीत आहे; पण आपोआप मरून पोट वर करून तरंगणारा मासा हनफी घरांत खात नाहीत, तेव्हा काठावरून गोळा केलेला स्वस्त माल घेताना विचारून घ्यावे. कल्ले लाल, डोळे चकचकीत आणि बोटाने दाबले तर मांस पुन्हा वर येणारे, असा मासा घ्यावा.

जाळे काढणाऱ्याचीही एक गोष्ट सांगायला हवी. थर्माकोलच्या तराफ्यावर पहाटेच्या धुक्यात एकटा माणूस जातो, अंगात स्वेटर, वरून शाल. पाण्यात पडला तर तेच कपडे त्याला खाली ओढतात. पोहता येते म्हणून भागत नाही, गार पाण्यात हातपाय लवकर आखडतात. लाइफ जॅकेट नसेल तर निदान ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब तराफ्याला बांधलेली असावी, धुके विरेपर्यंत थांबावे आणि काठावर दुसरा माणूस असावा. घरातल्या बायकांनी हे हट्टाने सांगावे. त्यांचे ऐकले जाते.

आणि स्वयंपाकघरापुरते: वाम बुळबुळीत असते, तिला चुलीची राख चोळून मग धुवावी. मरळीला चिखलाचा वास येत असेल तर तुकडे मीठ-हळद आणि लिंबू लावून अर्धा तास ठेवावेत, पाणी ओतून द्यावे, आणि सालनात चिंच जरा सढळ घालावी. सोबत ज्वारीची भाकरी.