वादळाची सूचना आणि नारळ-सुपारीची वाडी

दिनांक 3 जून 2020 रोजी दुपारी 'निसर्ग' हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस, दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि त्यांना लागून असलेल्या मंडणगड, दापोली या तालुक्यांतील नारळ-सुपारीच्या वाड्या, आंबा व काजूच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, 'तौक्ते' वादळ किनाऱ्यापासून दूर समुद्रातून उत्तरेकडे गेले आणि 17 मेच्या रात्री सौराष्ट्रात दीवजवळ धडकले. तरीही रत्नागिरी-सिंधुदुर्गात झाडावरचा हापूस जमिनीवर आला. त्याआधी 11 नोव्हेंबर 2009 रोजी 'फयान' आले, ते भात कापणी-मळणीच्या दिवसांत.

या तीन तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. अरबी समुद्रातील वादळे बहुधा मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन काळांत होतात, म्हणजे पावसाच्या थोडे आधी व पाऊस सरल्यावर. भातशेती करणाऱ्याचे पीक बुडाले तर पुढचा हंगाम सहा महिन्यांत किंवा वर्षात येतो. वाडीचे तसे नाही. सुपारीचे नवे रोप फळावर येण्यास पाच ते सात वर्षे लागतात, नारळास जातीनुसार कमी-अधिक. म्हणून वाडीवाल्याने वादळाचा विचार जास्त बारकाईने करावयास हवा.

वारा झाडाला कसा पाडतो

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की झाडावर पडणारा दाब चौपट होतो. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात डोलणारे झाड 120 किलोमीटरच्या वाऱ्यात तसेच तग धरील, असे समजू नये. त्यात पाऊस सोबत असतो. जमीन भिजून मऊ झाली की मुळांची पकड सैल होते.

नारळाला सोटमूळ नसते. बुंध्यापासून निघणारी शेकडो तंतुमुळे बहुतांशी बुंध्याभोवतीच्या दोन मीटर परिघात व वरच्या थरात असतात. आळ्यातील माती वाहून मुळे उघडी पडलेली झाडे प्रथम उपटतात. सुपारीचे तसे नसते. तिचे खोड बारीक व उंच असल्याने ती बहुधा मधूनच मोडते. दाट वाडीत एक नारळ पडला तर तो चार-पाच सुपाऱ्या घेऊनच पडतो.

आणखी एक गोष्ट. आंब्याच्या खोडाला जखम झाली तर कडेने साल वाढून ती भरून येते. नारळ व सुपारीच्या खोडात ही सोय नाही. चढण्यासाठी पाडलेली खाच, तार बांधण्यासाठी ठोकलेला खिळा, कोयत्याचा घाव हे जन्मभर तसेच राहतात, तेथे पाणी मुरते आणि खोड कमकुवत होते. मोडलेल्या झाडांच्या वाड्यांतून फिरताना खोड नेमके जुन्या खाचेपाशी तुटलेले पुष्कळदा दिसते. तेव्हा खाचा पाडून चढण्याची पद्धत बंद करावी, हे सांगण्यासाठी वादळाची वाट पाहण्याचे कारण नाही.

एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत

नारळाच्या उघड्या मुळांवर मातीची भर द्यावी. पाणी साचणाऱ्या वाडीतील पाट मोकळे करावेत. वाळलेल्या झावळ्या, रिकामे घड काढून टाकावेत. घरावर, गोठ्यावर किंवा विजेच्या तारांवर कललेले, खोड पोकळ झालेले वा शेंडा गेलेले झाड असेल तर ते आताच काढावे. अशा झाडाबद्दल मन घट्ट करावे लागते, वडिलांनी लावलेले असते. पण तेच झाड प्रथम कौलांवर येते.

आंब्याच्या बागेत काढणी संपताच झाडाच्या मध्यभागी गर्दी करणाऱ्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या विरळ कराव्यात, म्हणजे वारा आरपार जातो. कापाच्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना वेगवेगळ्या भांड्यांत पाण्यात कालवून, दोन्ही एकत्र करून एकूण दहा लिटर पेस्ट तयार होते. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची असावीत.

समुद्राकडील बाजूस वारारोधक झाडांचा पट्टा असावा, हे आपण ऐकलेच आहे. मात्र एकच ओळ सुरूची लावून काम भागत नाही. पट्टा अनेक ओळींचा, थोडा विरळ आणि मिश्र असावा. सुरूबरोबर उंडी, करंज, भेंड ही किनाऱ्याला सरावलेली झाडे लावावीत. अगदी भिंतीसारखा घट्ट पट्टा केल्यास वारा त्यावरून उडी घेऊन पलीकडे भोवऱ्यासारखा वाडीत उतरतो.

सूचना मिळाल्यावर

भारतीय हवामान विभागाच्या सूचना चार टप्प्यांत येतात. पहिली सुमारे 72 तास आधी, दुसरी 48 तास आधी पिवळ्या रंगाची, तिसरी 24 तास आधी केशरी आणि चौथी 12 तास आधी तांबडी. हे तास पुष्कळ वाटतात, पण तसे नाहीत. 'निसर्ग' 1 जूनच्या पहाटे साध्या कमी दाबाच्या क्षेत्रापुढे जाऊन बळावू लागले आणि 3 जूनच्या दुपारी जमिनीवर आले. जेमतेम अडीच दिवस! शिवाय नकाशावर दाखवलेली रेघ ही वादळाच्या केंद्राची असते. आपले गाव रेघेपासून दूर आहे म्हणून स्वस्थ बसू नये. 'तौक्ते'ने रत्नागिरीला हेच शिकविले.

या अडीच दिवसांत सर्वांत अडचण येते ती माणसांची. गावात पाडेली एक किंवा दोन असतात, आणि सूचना आली की प्रत्येक वाडीवाला त्यालाच बोलावतो. शेवटच्या दिवशी वारा सुटल्यावर तो चढू शकत नाही, आणि चढवूही नये. यासाठी कोणत्या झाडांवर आधी चढायचे हे मे महिन्यातच ठरवून त्या झाडांना चुन्याची खूण करून ठेवावी. घर, गोठा, विहीर व विजेच्या तारा यांजवळील झाडे पहिली, समुद्राकडील अंगाची व जास्त फळे धरलेली झाडे दुसरी. बाकीची जमली तर पाहावी. सोलाणासह एक नारळ किलो-दीड किलोचा असतो. ऐंशी नारळ उतरविले की शेंड्यावरचा क्विंटलभर भार कमी होतो, आणि तोच नारळ वाऱ्यात सुटून कौले फोडीत नाही. तयार नारळ व शहाळी उतरवावीत, खालच्या लोंबत्या झावळ्या काढाव्यात. परंतु भीतीपोटी हिरव्या झावळ्या सरसकट तोडून झाडाची शेंडी करू नये. त्या झाडाला पुढची दोन वर्षे फळ कमी येईल. हिरवी झावळ तोडावी लागलीच तर खोडापाशी न तोडता सुमारे एक मीटर देठ ठेवून तोडावी, कारण ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येऊन अंडी घालतो.

पाणी देणे बंद करावे. केळीचे तयार घड काढून घ्यावेत, उरलेल्या झाडांना टेकू द्यावेत. आंबा झाडावर असेल तर तयार झालेली फळे उतरवावीत. कोवळी फळे उतरवून उपयोग नाही, ती पिकत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापलेले भात शेतात पसरलेले असेल तर ते आधी बांधून उंच जागी न्यावे. खारजमिनीत बांधाची खांडे बुजवावीत व उघाडीची झडप नीट बसते की नाही ते पाहावे. भरतीचे पाणी आत घुसले तर नुकसान एका पिकाचे न राहता जमिनीचे होते.

पंपाची मोटर खोलून आत आणावी. पिण्याचे पाणी, गुरांची वैरण, रॉकेल किंवा डिझेल, कोयता, करवत, काथ्याचा दोर हे एका जागी ठेवावे. थोडी रोख रक्कम घरात असावी. 'निसर्ग'नंतर वीज व फोन अनेक गावांत कित्येक दिवस बंद होते, आणि वीज नाही म्हणजे बँकेचे यंत्रही नाही.

गुरांविषयी दोन शब्द. पत्र्याच्या गोठ्यात जनावरे दाव्याला बांधून ठेवू नयेत. त्यांना झाडांपासून दूर, पक्क्या इमारतीत न्यावे. ते शक्य नसेल तर दावी सोडून द्यावीत. मोकळे जनावर आपला आडोसा शोधते, बांधलेले गोठ्याखाली सापडते.

वादळ चालू असताना वाडीत जाण्यासारखे काहीही काम नसते. वादळाचे केंद्र गावावरून गेले तर वारा एकाएकी पडतो, ऊनही दिसते. हा वादळाचा डोळा. थोड्याच वेळात उलट दिशेने तितकाच जोराचा वारा सुटतो आणि एका अंगाला कललेली, मुळे ढिली झालेली झाडे दुसऱ्या अंगाला पडतात. त्या शांततेत कौले शाकारण्यास वर चढू नये. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

वादळानंतरचा पहिला आठवडा

येथे दोन घाया एकमेकींच्या आड येतात. पंचनामा होईपर्यंत काही हलवू नये असे एकीकडे वाटते. दुसरीकडे झाडे वाचवायची तर चार दिवसही थांबता येत नाही. यावर मार्ग असा की, प्रत्येक पडलेल्या झाडावर रंगाने क्रमांक टाकावा, क्रमांक दिसेल असे फोटो काढावेत, शेजारच्या दोघांच्या सह्या घेऊन यादी करावी, तलाठी व तालुका कृषी कार्यालयास लेखी कळवावे, आणि मग कामाला लागावे. विमा असल्यास नुकसान कळविण्याची मुदत कागदावर दिलेली असते, ती आधी वाचावी.

तारांवर पडलेल्या झाडास वीज मंडळाची माणसे येईपर्यंत हात लावू नये. वाकून अडकलेले खोड कापताना ते ताणलेल्या धनुष्यासारखे उसळते, म्हणून अशा झाडावर नवख्या माणसाने करवत चालवू नये.

आता झाडांकडे. नारळाचे झाड कलले म्हणून तोडण्याची घाई करू नये. शेंड्यातील कोंब हिरवा व घट्ट असेल तर ते जगते, आणि पुढे शेंडा आपोआप वर वळतो. चार-पाच वर्षांपर्यंतची कललेली झाडे उभी करता येतात. कललेल्या बाजूच्या विरुद्ध अंगाची माती मोकळी करावी, तुटलेली मुळे धारदार कोयत्याने साफ करावीत, दोराने हळूहळू उभे करून माती घट्ट दाबावी व तिन्ही बाजूंनी टेकू द्यावेत. मोठे झाड ओढून उभे करू नये, उरलेली मुळेही तुटतात. कललेल्या मोठ्या झाडाच्या उघड्या मुळांवर मातीची भर दिली तरी पुरते. कोंबाभोवती मोडलेल्या झावळ्या काढून एक टक्का बोर्डो मिश्रण शेंड्यात ओतावे, म्हणजे कोंब कुजत नाही. यासाठी मोरचूद व चुना प्रत्येकी एक किलो आणि पाणी शंभर लिटर घ्यावे. मिश्रणात लोखंडी पाते बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घालावी.

आंब्याची लहान कलमे निम्म्याहून अधिक फांद्या छाटून उभी करता येतात. छाटणी न करता उभे केलेले कलम हमखास सुकते, कारण तुटलेली मुळे तेवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. काजूच्या चिरलेल्या फांद्या फाटलेल्या जागेच्या खाली गुळगुळीत कापाव्यात आणि पुढील वर्षभर बुंध्याशी भुसा पडतो का यावर नजर ठेवावी. खोड पोखरणारी अळी अशाच झाडांवर येते.

वाडीत मोठी झाडे पडल्यावर आतली उरलेली सुपारी व जायफळ अचानक उन्हात येतात. पाऊस सरल्यावर सुपारीच्या खोडाच्या नैर्ऋत्य अंगाला ऊन लागून साल तडकते, म्हणून त्या बाजूस झावळ्या बांधाव्यात. मोकळ्या जागेत लगेच केळी लावावी. तिच्या सावलीत सुपारीची रोपे लावता येतात आणि पहिल्या दोन वर्षांत घरात थोडा पैसाही येतो.

पडलेली खोडे मात्र वाडीत कुजू देऊ नयेत. गेंड्या भुंगा कुजलेल्या खोडात व शेणखताच्या खड्ड्यात अंडी घालतो, आणि काही महिन्यांत बाहेर पडणारे भुंगे वादळातून वाचलेल्या झाडांचेच कोंब पोखरतात. एका वाडीवाल्याने खोडे हलविली आणि शेजाऱ्याने ठेवली तर उपयोग होत नाही, भुंग्याला गडगा अडवीत नाही. हे काम गावाने मिळून करावे. खोडे फाडून वाशांसाठी, जळणासाठी वापरावीत. खताच्या खड्ड्यात मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी मिसळावी.

कागदपत्रे

कोकणातील वाडी गुंठ्यांत असते आणि सातबाऱ्यावर नावे दहा-बारा असतात, त्यांतील निम्मी मुंबईला. 'निसर्ग'नंतर मदतीचा हिशेब हेक्टरी झाला तेव्हा पाच-दहा गुंठ्यांच्या वाडीला किती तुटपुंजी रक्कम येते हे सर्वांनी पाहिले. पुढे नारळ व सुपारीसाठी झाडांच्या संख्येवर मदत देण्याचे ठरले. झाडांवर मदत म्हणजे झाडांची नोंद हवी. दर वर्षी पीक पाहणीत मिश्र बागेतील नारळ, सुपारी, आंबा यांची वेगवेगळी संख्या लागली आहे की नाही ते स्वतः तपासावे. सहहिस्सेदारांचे संमतीपत्र गणपतीला किंवा मे महिन्यात सर्व मंडळी घरी आलेली असतात तेव्हाच करून घ्यावे. वादळानंतर सह्यांसाठी मुंबईच्या फेऱ्या मारण्यात मुदत निघून जाते. नारळ विकास मंडळाची नारळ झाडांची विमा योजना चालू वर्षी आपल्या तालुक्यास लागू आहे काय, याची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे एप्रिलमध्येच करावी. सातबारा, बँक पुस्तक, विम्याची पावती व झाडांची यादी यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवाव्यात, आणि एक जुडी मुंबईच्या नातेवाइकांकडे द्यावी.