न गेलेल्यांचं स्वयंपाकघर

आईला वाचता येत नाही, हे पक्कं ठाऊक असूनही मुलगा तिला पत्र लिहायला बसतो. तेही पान-दोन पानांचं नव्हे, अख्ख्या कादंबरीएवढं! ओशन व्हुआंग या व्हिएतनामी-अमेरिकन लेखकाची 2019 सालची ‘ऑन अर्थ वुई आर ब्रीफली गॉर्जस’ ही कादंबरी म्हणजे असं पत्र आहे.

असं का करावं कुणी? जरा त्या घरात डोकावू. आई नखं रंगवायच्या सलूनमध्ये दिवसभर रसायनांच्या वासात राबते. पोरगा शाळेत जातो, इंग्रजीत तरबेज होतो. आणि जसजसा शिकतो, तसतसं त्याच्या मनातलं आईपर्यंत पोचेनासं होतं. ज्या शिक्षणासाठी खस्ता काढल्या, त्यानेच मायलेकांत भिंत घातली. आजीने सोसलेलं युद्ध, आईचा हात उठणं, त्याची स्वतःची गुपितं, हे सगळं तो मोकळेपणाने लिहू शकतो. कारण? ती वाचणार नाही! स्थलांतरित घरातला अबोला इतक्या साध्या युक्तीने बोलता करणं, याला मी तरी कमाल म्हणेन.

किम थुई ही सायगावात जन्मलेली, लहानपणी बोटीतून निसटून कॅनडात पोचलेली लेखिका. तिच्या ‘रू’ या कादंबरीत लहान लहान तुकडे आहेत, काळाची उलटसुलट सरमिसळ आहे. घाईत घर सोडलेल्या माणसाला गतायुष्य सलग आठवेलच कसं?

पण गेलेल्यांच्या या गोष्टी झाल्या. मागे राहिलेल्यांचं काय?

त्यासाठी आपलीच किनारपट्टी धरून वसईहून दक्षिणेला, अलिबागकडे चला. एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ या कादंबरीला 2010 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिची नायिका दांडा गावात एकटी राहणारी बेने इस्रायली म्हातारी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावं लावणारे हे कोकणी ज्यू 1948 नंतर हजारोंनी इस्रायलला गेले. पूर्वजांच्या भूमीत गेले खरे, पण तिथे लग्नं जुळवताना धर्मगुरूंनी त्यांनाच विचारलं, तुम्ही अस्सल ज्यू कशावरून? 1964 साली कुठे त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली.

रेचलची मुलंही तिकडेच आहेत. ती मात्र हलत नाही. देवळासारखंच सिनेगॉग झाडते, पुसते, सांभाळते आणि रांधते. कादंबरीतलं प्रत्येक प्रकरण एका पाककृतीने सुरू होतं. आधी वाटतं, ही नुसती सजावट. मग लक्षात येतं, ज्या समाजाची वस्ती पांगली त्याचा इतिहास इथे भांड्यांत शिल्लक आहे.

बघा ना. ज्यू धर्मशास्त्र सांगतं, मांसासोबत दूधदुभतं चालणार नाही. मग मटणाच्या जेवणावर गोड काय खायचं? कोकणाने उत्तर दारातच उभं करून ठेवलंय: नारळ! रश्शाला दाटपणा नारळाच्या दुधाचा, गोडालाही तेच. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून आपण काढतो तोच चीक ही मंडळी नारळाच्या दुधात साखर घालून आटवतात, हात भरून येईतो ढवळतात आणि ताटात थापून वड्या पाडतात. हा चिकाचा हलवा, त्यांच्या नववर्षाचा. हजारो मैलांवरच्या वाळवंटातला नियम आणि रायगडातली वाडी एका पातेल्यात! याहून अस्सल कागदपत्र कोणतं हवं होतं त्या धर्मगुरूंना?

आणि मग येते जमीन. समाज ओसरला, सिनेगॉगची जागा मोक्याची, कादंबरीतल्या मॉर्डेकाय नावाच्या माणसाची नजर तिच्यावर. म्हातारी एका तरुण वकिलाला हाताशी धरून भांडायला उभी राहते. इथे वसईकर वाचक ताठ बसतो. वाडीतल्या विहिरी आणि केळीच्या बागा वाचवायला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई’चं आंदोलन उभं राहिलं, ते वसईतच. गल्फला, कॅनडाला गेलेल्यांचे दुमजली बंगले आणि ओटीवर व्हिडिओ कॉलची वाट बघणारे आईबाप आपल्या ओळखीचे आहेत. व्हिएतनामी कादंबऱ्यांत घर एका रात्रीत सुटतं. आपल्याकडे ते वर्षानुवर्षं, सणासुदीला येत-जात, हळूहळू सुटतं, आणि माझ्या मते कादंबरीकाराला हे जास्त अवघड. बोट नाही, बॉम्ब नाही. बंद खोल्या, बंबात न घातलेलं पाणी आणि सातबाऱ्यावर तिघांची नावं, त्यातली दोन परदेशात.