भिडू वाटावे कसे?

आर्द्रा नक्षत्र लागले की आदिलाबादची काळी जमीन चालणाऱ्याचे पाय धरून ठेवते. पैनगंगेच्या अलीकडे काय किंवा पलीकडे काय, कापसाच्या या मुलखात ज्याला आपण मैदान म्हणतो ते आषाढ-श्रावणात निव्वळ चिखल असते. आणि वैशाखात तेच इतके तापते की ऊन कलल्याखेरीज तेथे पाऊल ठेववत नाही. पुढे दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली म्हणजे शेतकऱ्यांघरची मुले खेळावयास फिरकतच नाहीत. तेव्हा या जिल्ह्यातील मुलामुलींना नेमाने फुटबॉल खेळावयाचा असेल तर पावसाळ्यातले रविवार आणि शाळेचे अथवा धर्मग्रामाचे एखादे सभागृह, एवढेच काय ते हाती उरते. छपराखालच्या फुटबॉलची साखळी स्पर्धा हा विषय आम्ही या पानावर घेतला आहे तो याच कारणाने.

हा खेळ जन्मला तोही अशाच अडचणीतून. उरुग्वे देशातील माँतेव्हिदेओ शहरात १९३० साली, म्हणजे ज्या वर्षी पहिला विश्वचषक त्याच शहरात खेळला गेला त्याच वर्षी, वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती युवकसंस्थेतील शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी बंदिस्त जागेत खेळता येईल असा फुटबॉल बेतून दिला. आज त्याला फुटसाल म्हणतात. दोन्ही बाजूंस पाच-पाच गडी, त्यांतला एक गोलरक्षक. गोल तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच. आणि चेंडू मुद्दाम कमी उसळणारा, दोन मीटरवरून सोडला तर जास्तीत जास्त पासष्ट सेंटिमीटर वर येणारा. नियमाप्रमाणे जागा निदान पंचवीस मीटर लांब व सोळा मीटर रुंद हवी. आपली पुष्कळशी सभागृहे याहून लहान असतात, पण तेथे चार-चार गडी खेळवले म्हणून काही बिघडत नाही. बेघरांच्या विश्वचषकाचे सामने बावीस मीटर लांबीच्या पटांगणावर चार-चार गड्यांनीच खेळले जातात.

जागा मिळते, चेंडूही मिळतो. परंतु न्याय मिळणे कठीण, आणि गंमत अशी की तो बिघडतो मोठ्या माणसांच्या हातून. मुले आपापली खेळतात तेव्हा भिडू वाटून घेण्याची त्यांची जुनी रीत वाचकांना आठवत असेल. साधारण सारख्या कुवतीचे दोघे गळ्यात गळा घालून बाजूला जातात, आपसांत गुप्त नावे ठरवतात, एक आंबा तर एक चिंच, आणि परत येऊन दोन्ही म्होरक्यांना विचारतात की कोण घेतो आंबा, कोण घेतो चिंच. जोडी सारखी असल्यामुळे कोणीही कोणाकडे गेले तरी तराजू ढळत नाही. फार लहान किंवा अशक्त मूल असेल तर त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेतात. ते बाद होत नाही, पण खेळाबाहेरही राहत नाही. ही व्यवस्था कोणत्याही समितीने बसवलेली नाही. मग समिती येते, करंडक येतो, संघाला दात्याचे नाव मिळते, आणि पहिल्याच रविवारी कोणीतरी प्रशिक्षक आठही चांगले गडी आपल्या यादीत घालून बसलेला आढळतो! बाकीच्या संघांना मग नऊ-शून्य, अकरा-शून्य असे मार खाण्याखेरीज काम उरत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यास त्यांची मुले येईनाशी होतात.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे १९६४ साली सुरू झालेल्या अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन या संस्थेने या दुखण्यावर दोन नियम बांधले. प्रत्येक मूल निदान अर्धा सामना खेळलेच पाहिजे, हा पहिला. आणि दरवर्षी संघ मोडून ते पुन्हा समतोल बांधावेत, हा दुसरा. हे दोन्ही नियम आपणांस जसेच्या तसे घेता येतील असे आम्हांस वाटते, आणि त्यांस लागणारे गणित चौथीच्या मुलालाही जमेल इतके सोपे आहे.

समजा, अठ्ठेचाळीस मुलांनी नावे दिली आणि सहा संघ करावयाचे आहेत. एक रविवार नुसता खेळून पाहावा, आणि दोघातिघा जाणत्यांनी मिळून कुवतीप्रमाणे पहिल्यापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत क्रम लावावा. (ही यादी मुलांच्या व पालकांच्या दृष्टीस पडता कामा नये; आपण एकेचाळिसावे आहोत हे कोणत्याही मुलास कळण्याचे कारण नाही.) मग वाटप शेत नांगरल्यासारखे करावे. बैलजोडी तासाच्या टोकाला वळून लगतच्या तासाने उलट येते. तसे पहिले सहा गडी पहिल्या संघापासून सहाव्यापर्यंत द्यावेत आणि पुढचे सहा सहाव्यापासून पहिल्याकडे. अशी आठ तासे नांगरली की प्रत्येक संघाच्या क्रमांकांची बेरीज बरोबर एकशे शहाण्णव येते. कोणत्या प्रशिक्षकास कोणता संघ मिळावा हे मात्र संघ बांधून झाल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरवावे. मथियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली होती, त्यामुळे या रीतीस कोणी जुगार म्हणेल असे भय नाही. प्रशिक्षकाचे स्वतःचे मूल दुसऱ्या संघात गेले, तर त्याच तासातल्या गड्याशी अदलाबदल करावी. एका सायकलवर येणारी भावंडेही अशाच रीतीने एकत्र आणावीत. याखेरीज कोणाचाही आग्रह ऐकू नये, मग तो आग्रह धरणारा धर्मग्राम समितीचा सभासद का असेना.

संघ समतोल झाले तरी बाकावर बसणाऱ्यांचा प्रश्न उरतो. आठांच्या संघातले पाच खेळतात, तिघे बसतात. आणि बसणारे तिघे प्रत्येक वेळी तेच असतात. यासाठी अर्ध्या तासाच्या सामन्याचे साडेसात-साडेसात मिनिटांचे चार भाग करावेत. पाच जागा गुणिले चार भाग म्हणजे वीस पाळ्या झाल्या. प्रत्येकास दोन पाळ्या दिल्या की सोळा संपतात. उरलेल्या चार पाळ्या या रविवारी चौघांना, पुढच्या रविवारी दुसऱ्या चौघांना. गोलरक्षणाची पाळीही फिरती ठेवावी, नाही तर सर्वांत जड पोराला तेथे कायमचे उभे करण्याची आपली खोड जाणार नाही. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरांनाही पुरता दिनार मिळाला, आणि सकाळपासून राबलेले कुरकुरले. चांगल्या खेळाडूंचे पालक असेच कुरकुरतील. त्यांना एवढेच सांगावे की येथे आम्ही वाटत आहोत ते बक्षीस नसून वेळ आहे.

बक्षिसाच्या बाबतीत आमचे मत थोडे निराळे आहे. सगळ्यांना सारखीच पदके द्यावीत आणि गोल मोजूच नयेत, असे हल्ली काही शिक्षणप्रेमी मंडळी सुचवतात. आम्हांस ते पटत नाही. भिंतीवरचा फलक पुसला तरी मुले मनात गोल मोजतातच, आणि फुकट मिळालेल्या पदकाची किंमत त्यांना आपल्याआधी कळते. गुण मोजावेत, पहिला संघ कोण तेही जाहीर करावे. मात्र एखादा संघ पाच गोलांनी मागे पडला तर त्याला एक गडी अधिक उतरवू द्यावा, आणि ओळीने तीन सामने हरलेल्या संघासाठी हंगामाच्या मध्यावर एका-दोघांची अदलाबदल करण्याचा अधिकार पंचमंडळाने आपल्या हाती ठेवावा. हारजीत असावी, पण तिचा निकाल आधीच ठाऊक असू नये.

आमच्या शेजारी, आदिलाबादवरून जाणाऱ्या हमरस्त्याच्या उत्तरेस, नागपूर आहे. तेथील हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांसाठी जे काम आरंभले, ते पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने जगभर पोचले आणि २०२२ साली ‘झुंड’ या चित्रपटामुळे घरोघर माहीत झाले. त्या चित्रपटातील नाट्यापेक्षा आम्हांस त्यांच्या खेळवण्याच्या एका पद्धतीचे अगत्य अधिक वाटते. या पद्धतीत सामन्याचे तीन भाग असतात. पहिल्यात दोन्ही संघ एकत्र बसून आजचे नियम ठरवतात, दुसऱ्यात खेळतात, आणि तिसऱ्यात पुन्हा बसून कोण ठरल्याप्रमाणे वागले याचे गुण एकमेकांस देतात. पंच नसतो, वाद पडल्यास सोडवण्यापुरता एक मध्यस्थ असतो. पद्धतीचे मूळ कोलंबियातील मेदेयिन शहरात आहे. त्या देशाचा खेळाडू आंद्रेस एस्कोबार याच्या पायाला लागून १९९४ च्या विश्वचषकात चेंडू स्वतःच्याच गोलात गेला, आणि त्यानंतर दहा दिवसांनी मेदेयिनमध्ये त्याची गोळ्या घालून हत्या झाली. पुढे त्याच शहरातील हाणामारीच्या वस्त्यांतून ही बिनपंचाची स्पर्धा सुरू झाली. संघात मुली असल्याच पाहिजेत आणि पहिला गोल मुलीनेच केला पाहिजे, असा तिचा दंडक होता. तो ऐकून हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्यामुळे मुलग्यांना आपल्या संघातल्या मुलीकडे चेंडू द्यावाच लागतो.

नागपूरची ही पद्धत आमच्या जिल्ह्यास विशेष लागू पडते. येथे मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी व लंबाडी बोलणारी मुले एकाच शाळेत शिकतात. गावागावांचे संघ केले की ते पाहता पाहता जातीजातींचे आणि भाषाभाषांचे होतात. २०१७ सालच्या अखेरीस उटनूरच्या बाजूस आदिवासी व लंबाडा समाजांत जो तणाव पेटला, तो पाहिलेल्या कोणालाही, मुलांच्या सामन्यात अशा दोन बाजू समोरासमोर उभ्या करण्याचे धाडस होणार नाही. वसतिगृहांचेही तेच. वसतिगृहातली मुले रोज संध्याकाळी खेळतात, बाहेरची आठवड्यातून एकदा. वसतिगृहाचा वेगळा संघ केला तर करंडक त्यांचा हे ठरलेलेच. नांगराच्या तासाने वाटणी केली की वसतिगृहाचे गडी आपोआप सहाही संघांत विखुरतात.

याच वसतिगृहांमुळे आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. काही मुले बूट घालून येतील, काही अनवाणी. फरशीवर बुटाखाली अनवाणी पाय आला तर नख उखडते, बोट मोडते. म्हणून अनवाणी मूल चेंडूजवळ जाण्यास कचरते आणि आपण त्यास भित्रे म्हणतो. एकतर सर्वांना सारखे कापडी बूट पुरवावेत, नाही तर सर्वांनी बूट काढून खेळावे. आमचा कौल दुसऱ्या मार्गास आहे, कारण तो याच रविवारपासून पाळता येतो. भिंतीलगत ढकलणे हाही गुन्हा धरावा. फुटसालमध्ये संघाचे गुन्हे मिळून मोजले जातात आणि एका डावातील सहाव्यापासून प्रतिपक्षास आडवी भिंत न उभारता फटका मिळतो. हा नियम मुलांस जरूर लावावा, कारण त्यामुळे दांडगट गड्यास त्याचे सोबतीच आवरतात.

राहता राहिला प्रवेशाचा प्रश्न. अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेस येथे सालेशियन धर्मगुरू लोरेन्सो मासा यांनी, रस्त्यात खेळणारी पोरे ट्रामखाली सापडतील या भयाने, त्यांना चर्चचे आवार उघडून दिले, आणि रविवारच्या मिस्सेला यावे एवढी अट घातली. त्यातून १९०८ साली सान लोरेन्सो हा क्लब निघाला, ज्याचे दिवंगत पोप फ्रान्सिस बालपणापासून चाहते होते. फादर मासा यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. पण त्यांची मुले कॅथलिक घरांतील होती. आपल्याकडे नावे देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुले हिंदू वा आदिवासी घरांतील असतील, आणि अशी अट घातली तर त्यांचे आईबाप ती मुले पाठवणार नाहीत, व त्यांना दोषही देता येणार नाही. सामने मिस्सा संपल्यावर तासाभराने ठेवावेत. ज्याला आधी यावयाचे तो येईल.

नावनोंदणी ज्येष्ठाच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी, म्हणजे क्रम लावावयास एक रविवार मिळतो. सहा संघांचे पंधरा सामने होतात. दर रविवारी तीन धरले तर पाच रविवारांत एक फेरी पुरी होते आणि पोळ्यापूर्वी दुसरीही बसते. पंच म्हणून नववी-दहावीतील मुलेमुली घ्यावीत, व त्यांच्याशी वाद घालणाऱ्या पालकास त्या दिवसापुरते सभागृहाबाहेर बसवावे. सभागृहाच्या दारावर एक कागद लावावा; त्यावर प्रत्येक मुलाचे नाव आणि तो त्या दिवशी किती मिनिटे खेळला एवढेच असावे. गोलांचा रकाना त्या कागदावर आखू नये.