शोकेसमधला ओबेलिस्क

अँटॉप हिलच्या टेकडीवर शेख मिसरी यांचा दर्गा आहे. हे पीर इजिप्तहून आले अशी इथली परंपरागत श्रद्धा, आणि खालच्या रस्त्यालाही त्यांचंच नाव. आमच्या भागाचं इजिप्तशी नातं काय, असं विचारलं तर माहीतगार माणूसही दर्ग्यापाशीच थांबतो. पण टेकडीच्या आसपासच्या वसाहतींत इजिप्तचा आणखी एक वंशज राहतो. टीव्हीच्या वरच्या फळीवर, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी तो उभा असतो. बुंधा चौकोनी, अंग वर निमुळतं होत गेलेलं, टोकाला छोटासा पिरॅमिड. जुन्या वस्तूंचे शौकीन त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. या आढाव्यात त्याला मानाची जागा द्यायची, असं मी आधीच ठरवलं आहे.

आधी थोडं मुळाकडे. खरा ओबेलिस्क एकाच अखंड पाषाणातून काढलेला असतो. आस्वानच्या ग्रॅनाइटच्या खाणीत सुमारे 42 मीटर लांबीचा एक अर्धवट ओबेलिस्क आजही पडून आहे. काम चालू असतानाच त्याला तडे गेले आणि कारागिरांनी तो होता तसा सोडला. सूर्यदेवाच्या सन्मानार्थ देवळाच्या दाराशी हे खांब जोडीनं उभे करत. ही ‘जोडी’ ध्यानात ठेवा, जुन्या बाजारात पुढे तिचा भाव होतो.

मग विजेत्यांनी ते पळवायला सुरुवात केली. रोममध्ये आज तेरा प्राचीन ओबेलिस्क आहेत. लुक्सॉरच्या देवळापुढच्या जोडीतला एक 1836 मध्ये पॅरिसच्या चौकात उभा राहिला, दुसरा देवळाच्या दारातच राहिला. लंडनच्या ओबेलिस्कची कथा मोठी रंजक. 1877 मध्ये लोखंडी नळकांड्यासारख्या तरत्या पेटीत घालून जहाजानं तो ओढून आणत असताना बिस्केच्या उपसागरात वादळ झालं आणि सहा खलाशी बुडाले. पेटी मात्र तरंगत राहिली. 1878 मध्ये थेम्सकाठी तो उभारला, तेव्हा त्याच्या पायात त्या काळच्या वस्तूंची पेटी पुरली. तिच्यात वर्तमानपत्रं, रेल्वेचं वेळापत्रक, हेअरपिना, दाढीचा वस्तरा, त्याच ओबेलिस्कची छोटी ब्राँझची प्रतिकृती आणि आपल्याकडचा एक रुपया होता. म्हणजे ओबेलिस्कखाली ओबेलिस्क, आणि सोबतीला हिंदुस्थानचा पैसा. साम्राज्याचा इतका प्रामाणिक हिशेब क्वचितच कुणी लिहून ठेवला असेल.

खांब घरी नेता येत नाही, म्हणून त्याची छोटी प्रत न्यायची, ही कल्पना या लंडनच्या खटाटोपाहून बरीच जुनी. अठराव्या शतकात इंग्रज उमरावांची मुलं इटलीच्या लांबलचक सफरीवर जात आणि रोमच्या कारागिरांकडून लाल, पिवळ्या, हिरव्या दगडांचे हात-दीड हात उंचीचे ओबेलिस्क घेऊन परतत. 1798 मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला आणि युरोपभर इजिप्तचं वेड पसरलं. 1822 मध्ये शांपोलियननं चित्रलिपी उलगडली, पण शोभेच्या वस्तू घडवणाऱ्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. त्यांच्या ओबेलिस्कवरची घुबडं, डोळे आणि नागमोडी रेषा दिसायला झकास, वाचायला गेलं तर बहुतेक वेळा अर्थशून्य. इंग्लंडात डर्बीशरच्या काळ्या दगडात, जो प्रत्यक्षात चुनखडीचाच प्रकार आहे, लहान ओबेलिस्क घडवत आणि त्यांच्या अंगावर पाऱ्याचा तापमापक बसवत. टेबलावर ठेवायची ही वस्तू खूप चालली. पुढे गावोगावची बोधचिन्हं छापलेल्या चिनी मातीच्या स्वस्त ओबेलिस्कांनी सहलकरी मध्यमवर्गाची कपाटं भरली. वॉशिंग्टनचा 169 मीटरचा स्तंभ 1884 मध्ये पुरा झाल्यावर त्याच्याही धातूच्या प्रतिकृती निघाल्या. अमेरिकेतल्या त्या मालात मला फारसा राम वाटत नाही.

मुंबईत हे आलं कसं? 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई विलायतेच्या कितीतरी जवळ आली. विलायतेची बोट पोर्ट सईदला थांबे. तिथल्या दुकानांतून पितळी, दगडी इजिप्त प्रवाशांच्या ट्रंकांत शिरे. दुसरी वाट पॅरिसची. फ्रेंच कारागीर काळ्या दगडाचं घड्याळ मधे आणि दोन्ही बाजूंना ओबेलिस्क, असा तिघांचा संच बनवत. असे संच मुंबईच्या बंगल्यांत, पेढ्यांत आले, आणि बंगले मोडीत निघाले तसे चोर बाजारात मटन स्ट्रीटवर उतरले.

संच पूर्ण मिळणं कठीण. वाटण्या होतात तेव्हा घड्याळ एका भावाकडे जातं, ओबेलिस्क दुसऱ्याकडे, आणि त्यातला एक पोरांच्या क्रिकेटमध्ये फुटतो. मग उरतो तो ‘सिंगल पीस’. दुकानदार तो शेल्फच्या कडेला, जुन्या टेलिफोनच्या आडोशाला ठेवतो, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारणार तो जोडीचाच. जोडीची किंमत दोन एकांड्या नगांच्या बेरजेपेक्षा बरीच जास्त असते.

असा नग हाती आला तर काय पाहावं? आधी टोक पाहा. शंभर-सव्वाशे वर्षं घराघरांतून फिरलेल्या दगडाचं टोक अगदी शाबूत असेल तर एक तर ते बदललं आहे किंवा वस्तू नवी आहे. मग तो उलटा करा. जुन्या इटालियन कामात पुष्कळदा आतला गाभा साध्या दगडाचा असतो आणि रंगीत दगडाचे पातळ पापुद्रे बाहेरून चिकटवलेले असतात. बुडाशी त्यांच्या कडा पिवळसर डिंकासह उघड दिसतात. खरा दगड हाताला गार लागतो. रेझिनचा ओतीव माल लगेच कोमट होतो आणि कोपऱ्यावर साच्याची बारीक रेघ सोडतो. हस्तिदंती असेल तर हात मागे घ्या. हस्तिदंताच्या व्यापाराला कायद्यानं बंदी आहे, वस्तू कितीही सुबक असली तरी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशातल्या लेकीला भेट म्हणून पाठवायचा विचारही नको, 1972 चा पुरावशेष कायदा त्याच्या आड येतो. आणि आग्र्याचा मऊ दगड किंवा खंभातचा अकीक यांत घडवलेले नवे ओबेलिस्क ‘अँटिक’ म्हणून गळ्यात मारले जातात, तेवढं सांभाळा. खंभातचे कारागीर स्वतः फसवत नाहीत. त्यांचा माल परदेशात ‘ऊर्जा देणारे स्फटिक’ म्हणून उजळ माथ्यानं जातो. फसवणूक मधल्या हातांत होते.

मोठे दगडी ओबेलिस्क बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. शिवडीचं ख्रिस्ती कबरस्तान हाकेच्या अंतरावर. व्हिक्टोरिया टर्मिनसचा वास्तुशिल्पी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स 1900 मध्ये वारला, त्याला तिथंच पुरलं. व्हिक्टोरियाच्या काळात कबरीवर क्रूसाऐवजी ओबेलिस्क उभारणं शिष्टसंमत होतं. सूर्यदेवाचा खांब ख्रिस्ती थडग्यावर चढला आणि कुणाला वावगं वाटलं नाही. महाबळेश्वरला 1831 मध्ये वारलेला मुंबईचा हंगामी गव्हर्नर सिडनी बेकविथ, त्याच्या स्मरणार्थही तिथं ओबेलिस्कच आहे. पर्यटक स्ट्रॉबेरीच्या नादात तो चुकवतात, आणि खरं सांगायचं तर फार काही चुकत नाही.

पण महाराष्ट्रात ओबेलिस्क म्हटलं की एकच. पुणे-नगर रस्त्यावर, भीमेच्या काठी, पेरणे फाट्याचा विजयस्तंभ. 1 जानेवारी 1818 रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या तुकडीनं कोरेगावात दुसऱ्या बाजीरावाच्या कितीतरी मोठ्या फौजेला दिवसभर थोपवून धरलं. 26 मार्च 1821 रोजी स्मारकाची पायाभरणी झाली. अखंड पाषाण नव्हे, घडीव दगडांचं बांधकाम. इंग्रजी आणि मराठी लेख. त्यावर कोरलेल्या 49 नावांपैकी 22 नावं ‘नाक’नं संपणारी, म्हणजे महार शिपायांची. कंपनीनं स्वतःच्या फुशारकीसाठी उभारलेल्या दगडावर ही नावं आली, आणि शंभर वर्षांनी त्या दगडाची मालकीच बदलली. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. आंबेडकर तिथं गेले. तेव्हापासून तो स्तंभ कंपनीचा राहिला नाही.

संग्राहकांसाठी या स्तंभाची सर्वांत मोलाची खूण म्हणजे महार रेजिमेंटचा जुना बिल्ला. रेजिमेंट 1941 मध्ये बेळगावला उभी राहिली. आजच्या बिल्ल्यावर दोन आडव्या-तिडव्या मशीनगनांबरोबर खंजीर दिसतो, पूर्वी त्या खंजिराच्या जागी कोरेगावचा स्तंभ होता. स्तंभाचा बिल्ला आता सहजी मिळत नाही. कुणाच्या आजोबांच्या पेटीत असेल तर तो ब्रासोनं घासू नका. घासण्यानं आधी उठावाचे बारीक तपशील जातात, मग किंमत.

आणि आता टीव्हीवरच्या फळीकडे. 6 डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या वाटेवर आणि 1 जानेवारीला पेरण्याला जे स्टॉल लागतात, तिथं पुस्तकं, दिनदर्शिका, मूर्ती यांच्या गर्दीत विजयस्तंभाच्या प्रतिकृती असतात. फायबरच्या, प्लास्टरच्या, अॅक्रिलिकच्या, सोनेरी रंगाच्या, किचेनला लटकणाऱ्या. माझ्या पाहण्यातल्या एका वीतभर प्रतिकृतीवर नावांच्या शिळेच्या जागी नुसत्या आडव्या रेघा होत्या. त्या आकारात 49 नावं मावणार कशी? पॅरिसच्या कारागिरानंही चित्रलिपी अशीच उरकली होती. फरक एवढाच की विजयस्तंभ घेणाऱ्याला त्या रेघांच्या जागी कुणाची नावं आहेत हे पाठ असतं.

या आकाराचा इतका जिवंत बाजार आज मला दुसरीकडे दिसत नाही. रोमहून आणलेला ओबेलिस्क उमरावाच्या पोराची श्रीमंती सांगे. फ्रेंच घड्याळाच्या दोन बाजूंचे ओबेलिस्क निव्वळ तोल सांभाळायला होते. कंपन्यांच्या वार्षिक समारंभात वाटतात ती काचेची टोकदार ट्रॉफीसुद्धा याच घराण्यातली, पण तिच्यावरचं नाव पुसलं की ती कुणाचीही. फायबरचा विजयस्तंभ मात्र घरमालकाचाच असतो आणि कशाचा हे घरातल्या लहान पोरालाही सांगता येतं. पन्नास वर्षांनी अभ्यासक याच वस्तू शोधत फिरतील आणि तोवर त्या भंगारात गेलेल्या असतील, कारण वस्तुसंग्रहालयं महागाचं जपतात.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात विजयस्तंभाची जुनी प्रतिकृती, बिल्ला, स्तंभाचं चित्र असलेली दिनदर्शिका किंवा पावती असेल तर ती टाकू नका. बुडाशी पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहून ठेवा: कधी घेतली, कुठे घेतली, किती रुपयांना. आणि मटन स्ट्रीटवर काळा ओबेलिस्क घ्यायला निघालात तर शुक्रवार टाळा, त्या दिवशी जुन्या वस्तूंची दुकानं बंद असतात.